गाणं पाच घरं खाली आलं म्हणजे नेमकं काय झालं? (साप्ताहिक क्रमवारीतले चढउतार)

तिहाई

बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाची 'हॉट १००' ही अमेरिकेत गाजणाऱ्या शंभर गाण्यांची यादी दर आठवड्याला लागते आणि लगेच बोलणी सुरू होतात. अमुक गाणं चौथ्यावरून नवव्यावर आलं, म्हणजे त्याची हवा संपली. तमुक गाणं बाराव्यावरून तिसऱ्यावर गेलं, म्हणजे लोक त्याच्यावर फिदा आहेत. मला वाटतं, क्रमांकाशेजारच्या त्या छोट्या बाणाचं आपण फारच ऐकतो. गाणं खाली येण्याची कारणं अनेक असू शकतात आणि 'लोकांनी ऐकणं सोडलं' हे त्यांतलं फक्त एक.

सगळ्यात ढळढळीत उदाहरण नाताळचं. डिसेंबरअखेरीस पहिल्या दहांतल्या बहुतेक जागा नाताळची गाणी घेतात. मरिया कॅरीचं 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू' हे १९९४ सालचं गाणं. हॉट १००मध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचलं २०१९च्या डिसेंबरात, म्हणजे तब्बल २५ वर्षांनी. ४ जानेवारी २०२०च्या यादीत ते पहिलं होतं आणि ११ जानेवारीच्या यादीत शंभरांतसुद्धा नव्हतं. पहिल्या क्रमांकावरून थेट यादीबाहेर जाणारं ते पहिलंच गाणं. पण माझं लक्ष बाकीच्या गाण्यांकडे आहे. समजा, एखादं गाणं डिसेंबरात चौथ्यावरून पंधराव्यावर गेलं आणि जानेवारीत परत पाचव्यावर आलं. बाण बघणारा म्हणेल, आधी आपटलं आणि मग उसळलं. प्रत्यक्षात ते ऐकणारे दोन्ही आठवड्यांत जवळपास तेवढेच असू शकतात. आजूबाजूची गर्दी आली आणि गेली, एवढंच झालं.

मोठ्या अल्बमचंही तेच. ५ नोव्हेंबर २०२२च्या यादीत पहिल्या दहाच्या दहा जागा टेलर स्विफ्टच्या होत्या. मे २०२४मध्ये तिने पहिल्या चौदा जागा घेतल्या. रांगेत तुमच्यापुढे एकदम चौदा जण येऊन उभे राहिले, तर तुम्ही जागचे न हलताही पंधरावे होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की आधी वर काय आलं ते बघावं, मग खाली काय गेलं याबद्दल बोलावं. तुम्ही आठवड्याची यादी कशी वाचता? सविस्तर लिहा.

आकडेमोड

उत्तम विषय. थोडी तांत्रिक भर घालतो, कारण निम्मे गैरसमज तारखांमुळे होतात.

हॉट १००ची मोजणी शुक्रवार ते गुरुवार चालते. २०१५च्या जुलैपासून जगभर नवी गाणी शुक्रवारी प्रसिद्ध करायची पद्धत पडली, त्याच्याशी हा आठवडा जुळवलेला आहे. यादी त्यानंतरच्या मंगळवारच्या सुमारास जाहीर होते आणि तिच्यावर तारीख पडते ती पुढच्या शनिवारची. तुम्ही दिलेल्या उदाहरणातला अल्बम २१ ऑक्टोबरला आला होता आणि यादीवरची तारीख आहे ५ नोव्हेंबर. म्हणजे पंधरा दिवसांचं अंतर. ब्रिटनच्या यादीचा आठवडाही गुरुवारी संपतो, पण ती दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, जाहीर होते. 'तिकडे पहिलं आलं, इकडे अजून नाही' अशा कित्येक वादांचं मूळ एवढंच असतं.

दुसरं म्हणजे क्रमांक तीन गोष्टी मिळून ठरतो: स्ट्रीमिंग, रेडिओवरचं प्रसारण आणि विक्री. तिघांचा वेग वेगळा. विक्री पहिल्या दोन-चार दिवसांत होऊन जाते. स्ट्रीमिंग पहिल्या आठवड्यात चढतं आणि मग हळूहळू उतरतं किंवा टिकतं. रेडिओ सगळ्यात मागून येतो. गाणं लोकांना माहीत झालं की रेडिओ केंद्रं ते जास्त वेळा वाजवतात आणि मग बरेच आठवडे सोडत नाहीत. रेडिओत नुसतं किती वेळा वाजलं हे मोजत नाहीत, त्या वेळी अंदाजे किती लोक ऐकत होते तेही धरतात. त्यामुळे एकाच गाण्याचं स्ट्रीमिंग उतरत असताना रेडिओ चढत असतो आणि क्रमांक मात्र स्थिर दिसतो. आत एवढी हालचाल चाललेली असते, पण बाण आडवाच.

आणि हो, बिलबोर्डच्या यादीत 'बुलेट' नावाची खूण असते. ज्या गाण्याने त्या आठवड्यात ठळक वाढ दाखवली त्याला ती मिळते. क्रमांक उतरलेल्या गाण्यालाही बुलेट असू शकते! तिहाई, तुमचं म्हणणं त्या एका खुणेत आहे. मी बाणाआधी बुलेट बघतो.

नवखा_कान

खूप नवीन कळलं. एक शंका. पूर्वीची गाणी म्हणे साठ-सत्तराव्या क्रमांकावर यायची आणि आठवड्यागणिक पायऱ्या चढत पहिल्यावर जायची. आता बरीच गाणी थेट पहिल्या क्रमांकावर उतरतात आणि लगेच खाली येतात. लोकांची आवडच उथळ झाली, असं समजायचं का?

तिहाई

नवखा_कान, याच प्रश्नाची वाट बघत होतो. आवड उथळ झाली असं मला मुळीच वाटत नाही. मोजणी बदलली. हा भाग जरा विस्ताराने लिहितो, कारण क्रमवारीच्या इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा टप्पा हाच आहे.

हॉट १०० सुरू झाली ४ ऑगस्ट १९५८ला. त्याआधी बिलबोर्डच्या वेगवेगळ्या याद्या असत: दुकानांत खपणाऱ्या रेकॉर्डची एक, रेडिओ निवेदक वाजवतात त्या गाण्यांची एक, ज्यूकबॉक्समधली (नाणं टाकून गाणं ऐकायच्या यंत्रांमधली) एक. त्यांची मिळून एक यादी झाली. पण माहिती गोळा कशी करायची? दुकानदार आणि रेडिओ केंद्रांना विचारून. दुकानदार सांगणार, 'आमच्याकडे हे पहिलं, ते दुसरं.' प्रती किती खपल्या, याचा नेमका हिशेब नाही. नव्या गाण्याचं नाव वर सांगायचा मोह, जुन्याचा कंटाळा, कंपन्यांच्या माणसांचा आग्रह, या सगळ्याला तिथे वाव होता.

ही व्यवस्था १९९१मध्ये मोडली. दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड वाचला की विक्रीची नोंद आपोआप व्हायला लागली. तिचं नाव साउंडस्कॅन. अल्बमच्या यादीला ती मे १९९१मध्ये लागू झाली आणि हॉट १००ला ३० नोव्हेंबर १९९१च्या यादीपासून. रेडिओवर काय वाजतंय हेही यंत्राने ओळखलं जाऊ लागलं. आणि मग काय दिसलं? १९५८पासून तोवर, म्हणजे ३३ वर्षांत, एकही गाणं हॉट १००च्या पहिल्या क्रमांकावर दहा आठवड्यांहून जास्त राहिलं नव्हतं. १९९२मध्ये बॉईज टू मेनचं 'एंड ऑफ द रोड' १३ आठवडे राहिलं. त्याच्यामागोमाग व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' १४ आठवडे. १९९५-९६मध्ये 'वन स्वीट डे' १६ आठवडे. श्रोते एका रात्रीत निष्ठावान झाले नव्हते. लोकांना एखादं गाणं महिनोन् महिने हवं असतं, हे आधीही खरंच असणार. यादीला ते दिसू लागलं, एवढाच फरक.

थेट पहिल्या क्रमांकावर उतरणंही त्यानंतरचंच. हॉट १००मध्ये पहिल्यांदा ते घडलं २ सप्टेंबर १९९५च्या यादीत, मायकल जॅक्सनच्या 'यू आर नॉट अलोन'मुळे. पहिल्या आठवड्याची खरी विक्री मोजता आली म्हणूनच ते शक्य झालं.

म्हणजे तुम्ही म्हणता त्या पायऱ्या चढत जाण्यातली काही चढण खरी होती आणि काही माहिती उशिरा पोचल्यामुळे दिसत होती.

गुलबक्षी

वाचतेय. फार छान चाललंय.

विलंबित

तिहाई यांच्याशी सहमत. १९९८ची गोष्ट यात जोडायला हवी. तोपर्यंत नियम असा होता, की गाणं सुटी रेकॉर्ड म्हणून दुकानात विकायला असेल तरच हॉट १००मध्ये येणार. नव्वदीच्या दशकात कंपन्यांनी सुट्या गाण्यांची विक्री मुद्दाम टाळायला सुरुवात केली, म्हणजे लोकांनी पूर्ण अल्बम घ्यावा. परिणाम असा, की नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' बिलबोर्डच्याच रेडिओ यादीत १६ आठवडे पहिलं होतं आणि हॉट १००मध्ये त्याची नोंदच नाही! गू गू डॉल्सच्या 'आयरिस'चे रेडिओवर अव्वल आठवडे १८. डिसेंबर १९९८मध्ये नियम बदलला तेव्हा ते हॉट १००त आलं, पण बहर ओसरत आला होता, त्यामुळे त्याचा सर्वोच्च क्रमांक नववा. पुढे कोणी नुसती यादी बघून म्हणेल, नऊच्या वर कधी गेलं नाही. त्या वर्षी लोकांच्या कानावर सगळ्यात जास्त पडलेल्या गाण्यांपैकी ते एक होतं.

म्हणून मी तर म्हणेन, कुठलाही जुना क्रमांक सांगताना त्या साली मोजणी कशी होती हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर १९७५चा आणि २०२५चा क्रमांक शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

जुनी_तबकडी

धागा बघून बिनाका गीतमालेची आठवण आल्याशिवाय कशी राहील! हिंदी चित्रपटगीतांचा तो कार्यक्रम १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाला. त्याच सुमारास आकाशवाणीने हिंदी चित्रपटगीतांना दूर ठेवलं होतं, त्यामुळे सारे श्रोते सिलोनकडे वळले. बुधवारची संध्याकाळ आणि निवेदक अमीन सायानी. क्रमांकाला ते 'पायदान' म्हणत. गाणं किती पायदान वर गेलं, किती खाली आलं, हे ते असं सांगत की आठवडाभराचं नाट्य त्या दोन वाक्यांत उभं राहायचं.

पण इथे मुद्दा मोजणीचा आहे, तर दोन गोष्टी सांगतो. एक, तिथे नुसती दुकानांतली विक्री धरत नसत. श्रोत्यांची पत्रं आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही मोजली जाई. म्हणजे विकत घेणाऱ्याबरोबर नुसतं ऐकणाऱ्यालाही मत होतं. बिलबोर्डने रेडिओ आणि विक्री जोडली त्यामागचा विचार याहून फार वेगळा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे 'सरताज गीत'. ठरावीक आठवडे गाजलेलं गाणं बिगुल वाजवून मानाने निवृत्त केलं जायचं, म्हणजे नव्या गाण्यांना जागा. त्या गाण्याला घसरण बघावी लागत नसे. मला ही पद्धत अतिशय सुसंस्कृत वाटते. आजच्या याद्यांनीही ती उचलावी.

आकडेमोड

जुनी_तबकडी, उचललेलीच आहे, बिगुल तेवढा नाही. हॉट १००मध्ये अनेक वर्षं नियम होता, की २० आठवडे झाल्यावर गाणं पन्नासच्या खाली गेलं की काढून टाकायचं. २०२५च्या ऑक्टोबरात तो आणखी कडक केला. आता २६ आठवड्यांनंतर पंचविसाच्या खाली, ५२नंतर दहाच्या खाली आणि ७८नंतर पाचाच्या खाली गेलं की बाहेर. टेडी स्विम्सचं 'लूज कंट्रोल' ११२ आठवडे राहून विक्रम करून बसलं होतं. नव्या नियमाने ते एकदम गेलं. त्याआधीचा विक्रम ग्लास अॅनिमल्सच्या 'हीट वेव्ह्ज'चा, ९१ आठवडे.

ब्रिटनमध्ये काढून टाकत नाहीत, वजन कमी करतात. काही आठवडे होऊन गेलेलं गाणं सलग उतरायला लागलं, की त्याच्या स्ट्रीमिंगची किंमत निम्मी धरतात. २०१७पासूनचा नियम. त्या वर्षी मार्चमध्ये एड शीरनची १६ गाणी एकाच वेळी पहिल्या विसांत होती. मग एका गायकाची जास्तीत जास्त तीनच गाणी धरायची, हेही तेव्हाच ठरलं.

म्हणून ब्रिटनच्या यादीत एखादं गाणं सहाव्यावरून अचानक विसाच्या आसपास गेलेलं दिसलं, तर आधी ही कात्री लागली का ते तपासा. बहुतेकदा तेच असतं.

विलंबित

आणि इथेच मी जुनी_तबकडींशी असहमत आहे, त्यांचा आदर ठेवून. गीतमाला हा कार्यक्रम होता, त्याला रंगत हवी होती. सरताज तिथे शोभतं. पण जी यादी 'देशात या आठवड्यात सर्वांत जास्त काय ऐकलं गेलं' असं सांगते, तिने गाणं जुनं झालं म्हणून वगळायचं कशाला? लोक दोन वर्षं एकच गाणं ऐकत असतील तर तीच त्या काळाची खरी नोंद.

ब्रिटिश गायिका केट बुशचं उदाहरण घ्या. 'रनिंग अप दॅट हिल' १९८५चं. तेव्हा ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. २०२२मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेमुळे पुन्हा देशभर ऐकलं जाऊ लागलं. पण जुनं गाणं म्हणून त्याचं स्ट्रीमिंग निम्म्या किमतीत मोजलं जात होतं. सर्वांत जास्त ऐकलं जात असूनही ते दुसऱ्यावर अडकलं. शेवटी यादी करणाऱ्यांनी अपवाद केला, पूर्ण किंमत दिली आणि १७ जून २०२२ला ते पहिलं आलं. ३७ वर्षांनी! अपवाद केला हे चांगलंच झालं. पण ज्या जुन्या गाण्यासाठी कोणी अपवाद केला नाही त्याचं काय? नियम असा हवा की अपवाद लागू नये.

जुनी_तबकडी

विलंबित, तुमचा मुद्दा वजनदार आहे. तरी नव्या गायकाचा विचार करा. वरच्या पन्नासांत चाळीस गाणी वर्षभर ठाण मांडून बसली तर नव्याचं नाव कोणाच्या कानी कसं पडणार? यादी नुसती नोंद ठेवत नाही, ती बघून लोक ऐकतात, केंद्रं वाजवतात. जागा मोकळी करणं हेही तिचं काम आहे असं मी मानतो.

गुलबक्षी

मला चाहत्यांबद्दल लिहायचंय. बीटीएस या कोरियन बँडमधल्या जिमिनचं 'लाइक क्रेझी' एप्रिल २०२३मध्ये थेट पहिलं आलं आणि पुढच्या आठवड्यात ४५वं. तेव्हा सगळीकडे एकच सूर होता, 'चाहत्यांनी विकत घेऊन वर नेलं, खरं गाजलंच नाही.' हे मला अन्यायाचं वाटतं. विकत घेणं हे प्रेम नाही का? पन्नास वर्षांपूर्वी रेकॉर्ड घेणाऱ्यालाही चाहताच म्हणत होते ना. आणि त्या गाण्याला अमेरिकी रेडिओने किती वाजवलं? रेडिओ हा क्रमांकाचा तिसरा पाय. तोच नसेल तर विक्री ओसरल्यावर गाण्याने उभं राहायचं कशावर? घसरण दिसते गाण्याच्या नावावर, आणि तिचं एक कारण असतं केंद्रचालकांची निवड.

आकडेमोड

गुलबक्षी, रेडिओबद्दल शंभर टक्के बरोबर. विक्रीबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणेन. एका माणसाने एकच गाणं अनेकदा विकत घेणं आणि अनेक माणसांनी एकेकदा घेणं, यात फरक करावा लागतो. गाणं हवं म्हणून घेतलं की दुसऱ्या वस्तूबरोबर आलं, हेही बघावं लागतं. बिलबोर्डने म्हणूनच २०२०मध्ये कपडे किंवा तिकिटांबरोबर जोडून दिलेल्या प्रती मोजणं बंद केलं. तो नियम सगळ्यांना लागू होता, अमेरिकी बड्या गायकांनाही. ४५ या आकड्याचा मी असा अर्थ लावतो, की पहिल्या आठवड्यात विक्रीचा वाटा फार मोठा होता. गाणं चांगलं की वाईट, यावर तो आकडा काहीच बोलत नाही.

गुलबक्षी

हे मान्य. 'काहीच बोलत नाही' हेच लोकांना सांगा इतकंच म्हणणं आहे.

नवखा_कान

उलटी उडी पण असते ना? एकदम खालून वर?

आकडेमोड

असते. केली क्लार्कसनचं 'माय लाइफ वुड सक विदाउट यू' फेब्रुवारी २००९मध्ये ९७व्यावरून पहिल्यावर गेलं. रेडिओवर आधी वाजायला लागलं, म्हणून तळाशी आलं. पुढच्या आठवड्यात डाउनलोड खुलं झालं आणि विक्रीने ते उचललं. आज गाणं सगळीकडे एकाच शुक्रवारी येतं, त्यामुळे असल्या उड्या दुर्मीळ झाल्या आहेत.

तिहाई

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा खूप खोल गेला.

मला स्वतःला सर्वांत जास्त भरवसा वाटतो तो संथ चढणीवर. 'हीट वेव्ह्ज' २०२०च्या उन्हाळ्यात आलं. हॉट १००मध्ये शिरलं जानेवारी २०२१मध्ये, आणि पहिल्या क्रमांकावर पोचलं मार्च २०२२मध्ये, यादीतल्या ५९व्या आठवड्यात. मधल्या काळात ते कितीतरी वेळा मागे गेलं असेल. त्यातला एकेक बाण सुटा बघणाऱ्याने 'संपलं' म्हणून दहादा निकाल दिला असता. टेलर स्विफ्टचं 'क्रूअल समर' २०१९च्या अल्बममधलं, ते पहिलं आलं २०२३च्या ऑक्टोबरात. अशा गाण्यांमागे पहिल्या आठवड्याची गर्दी नसते. एकाने दुसऱ्याला ऐकवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं ते वर जातं. म्हणून मी एका आठवड्याच्या बाणावर काही बोलत नाही. चार आठवड्यांचे क्रमांक शेजारी मांडतो, त्या काळात कुठले मोठे अल्बम आले ते लिहितो, आणि मगच गाण्याबद्दल मत देतो.

विलंबित आणि जुनी_तबकडी यांच्या वादात मी विलंबितांच्या बाजूने आहे. जुनी गाणी यादीत राहू द्यावीत. नव्यांसाठी वेगळी यादी करता येईल, पण मुख्य यादीतून ऐकणाऱ्यांची संख्या वगळू नये.

नवखा_कान

चार आठवड्यांची युक्ती आवडली. पण रेडिओचा वाटा किती आणि ऐकणाऱ्यांचा किती, हे आमच्यासारख्यांना बाहेरून कसं कळणार?

आकडेमोड

अंदाज घेता येतो. सप्टेंबर २०२०पासून बिलबोर्डची 'ग्लोबल २००' यादी निघते, दोनशेहून जास्त देश-प्रदेशांतली. तिच्यात फक्त स्ट्रीमिंग आणि विक्री धरतात, रेडिओ नाही. हॉट १०० आणि ही यादी शेजारी ठेवा. अर्थात जगाचा कल आणि अमेरिकेचा कल वेगळा असू शकतो, तेवढी सूट धरा. पण एखादं इंग्रजी गाणं ग्लोबलमध्ये सलग उतरतंय आणि हॉट १००मध्ये पाचाच्या आसपास टिकून आहे असं दिसलं, तर तिथे बहुतेक रेडिओ काम करतोय. उलट ग्लोबलमध्ये वर आणि हॉट १००मध्ये तिसाच्या खाली असेल, तर अमेरिकी केंद्रांनी ते अजून हातात घेतलेलं नसण्याची शक्यता मोठी. गुलबक्षींनी 'लाइक क्रेझी'ची पुढच्या आठवड्यांची दोन्ही यादींतली जागा इथे टाकली तर त्यांचा मुद्दा लगेच तपासता येईल.

गुलबक्षी

टाकते. दोन्ही यादींतले पहिले सहा आठवडे काढून इथेच लिहिते.